आधी दार मोजा, मग सायकल घ्या

मी माहीमला राहते आणि जेवणाच्या ऑर्डरी घेते. बारसं, केळवण, डोहाळजेवण, वाचनालयाचा कार्यक्रम, नाटकाच्या तालमीचं जेवण, असं 20 ते 80 पानांचं काम असतं. दादर, माहीम, माटुंगा, प्रभादेवी, फार तर परळ-लालबाग. गेली तीन वर्षं यातलं बहुतेक जेवण विजेच्या मालवाहू सायकलवरून जातं. आधी भाड्याचा छोटा टेम्पो होता. टेम्पोवाले दादा स्वभावाने चांगले, वेळेवर येणारे. पण संध्याकाळी सहाला रानडे रोडला टेम्पो उभा कुठे करणार? तो कोपऱ्यावर थांबायचा आणि तिथून हॉलपर्यंत टोप आम्ही दोघी उचलून न्यायचो. घरापासून कोपऱ्यापर्यंतच्या अडीच किलोमीटरला 20 मिनिटं लागायची आणि कोपऱ्यापासून दारापर्यंत टोप न्यायला त्याहून जास्त. पाठ गेली ती तिथेच.

सायकल घेतल्यापासून खूप जणी फोन करून विचारतात, ‘ताई, वजन किती नेते हो?’ मी त्यांना सांगते, हा प्रश्न नंतरचा. आधी सांगा, ती आत कुठून जाणार?

दुकानात जायच्या आधी शिवणाची टेप घेऊन बाहेर पडा. नेहमी जिथे माल पोचवता अशी दहा ठिकाणं लिहून काढा आणि प्रत्येक ठिकाणचं सर्वांत अरुंद तोंड मोजा. सोसायटीचं मोठं गेट दिवसभर बंद असतं, उघडी असते ती त्यातली दिंडी, म्हणजे छोटं दार. हॉलला मागचा दरवाजा असतो, त्याच्या आत वळण असतं. फुटपाथच्या तोंडाशी गाड्या चढू नयेत म्हणून खांब ठोकलेले असतात. माझ्या यादीत सर्वांत अरुंद जागा 72 सेंटीमीटरची निघाली, माटुंग्याच्या एका जुन्या इमारतीची दिंडी. म्हणून मी पेटी 58 सेंटीमीटर रुंदीची करून घेतली. पण सायकलीचा सर्वांत रुंद भाग पेटी नसून हँडल असतं, हे मला दुकानात टेप लावल्यावर कळलं. माझं हँडल 64 सेंटीमीटर आहे. दिंडीतून जाताना दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं उरतात, तेवढी पुरतात. रात्री सायकल जिथे उभी राहणार ती जागाही मोजा आणि सेक्रेटरी काकांशी आधीच बोलून घ्या. गाडी आल्यावर बोललं की सभेत विषय होतो.

रुंदीवरूनच दोन चाकं की तीन, हे ठरतं. पुढे मोठी पेटी असलेली तीनचाकी सायकल दिसायला फार छान असते. कोपनहेगनच्या क्रिस्टियानिया वस्तीत ती 1984 मध्ये बनायला लागली आणि त्या शहरातल्या आया त्यात मुलांना बसवून शाळेत नेतात. ती उभी राहिली की पडत नाही, हा तिचा मोठा गुण. पण आपल्या गल्ल्यांत तिची रुंदी अडते. शिवाय दुचाकीसारखी ती वळणावर कलत नाही, वेगात वळवली तर आतलं चाक उचललं जातं. मैदानावर, मोठ्या कॅम्पसमध्ये किंवा मॉलच्या आवारात काम असेल तर तीनचाकी जरूर घ्या. मी दोनचाकी घेतली. मागचं चाक 20 इंची आणि त्यावर पेटी. चाक लहान असल्यामुळे पेटी खाली बसते, आणि भरलेली सायकल हातात राहते ती त्यामुळेच.

कागदांचं थोडक्यात सांगते. मोटर 250 वॅटच्या आत, वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून मोकळ्या सायकलीचं वजन 60 किलोपर्यंत असेल, आणि तसं मान्यताप्राप्त चाचणी संस्थेने तपासून दिलेलं असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ती मोटार वाहन धरली जात नाही. लायसन्स लागत नाही, नंबरप्लेट लागत नाही. पुण्याची एआरएआय ही अशीच एक चाचणी संस्था. ज्या मॉडेलचे पैसे देणार त्याच मॉडेलचं प्रमाणपत्र मागा आणि त्याची झेरॉक्स प्लास्टिकच्या पाकिटात घालून पेटीच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवा. नाकाबंदीला मला दोनदा थांबवलं, दोन्ही वेळा तो कागद दाखवून मिनिटभरात सुटले. कुणी ‘1000 वॅटची आहे, तरी लायसन्स नको’ असं सांगितलं तर त्या दुकानातून बाहेर पडा. नोंदणी नाही म्हणजे विम्याची सक्तीही नाही, पण चालवणाऱ्याचा अपघात विमा आपण होऊन काढावा. आमच्याकडे सायकल माझा भाचा आणि स्वयंपाकातल्या एक ताई चालवतात, दोघांचाही काढला आहे.

रस्ते आधी कागदावर आखून घ्या. सी लिंक, कोस्टल रोड, ईस्टर्न फ्रीवे, अटल सेतू हे आपल्यासाठी नाहीत. जे. जे. उड्डाणपुलावरही दुचाकी जात नाहीत, क्रॉफर्ड मार्केटला जायचं तर खालून मोहम्मद अली रोडने. एरवी ते अंतर माझ्या कामाचं नव्हेच. माझ्या अनुभवाने 5 किलोमीटरपर्यंत सायकल टेम्पोला मागे टाकते, 8 पर्यंत बरोबरी करते आणि त्यापुढे चालवणारा दमतो.

बॅटरीचा हिशेब

जाहिरातीत लिहिलेले किलोमीटर रिकाम्या सायकलीचे आणि सपाट रस्त्याचे असतात. आपला हिशेब आपण करावा. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास असे दोन आकडे असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॅट-तास. माझी बॅटरी 48 व्होल्ट, 15 अँपिअर-तास, म्हणजे 720 वॅट-तास. विजेच्या बिलातलं एक युनिट म्हणजे 1000 वॅट-तास, तेव्हा चार्जरमध्ये वाया जाणारी वीज धरूनही एका पूर्ण चार्जला एक युनिट लागत नाही. मी तीन महिने वहीत लिहून ठेवलं. 50-60 किलो माल, सिग्नलला थांबत-निघत, वाटेत एक पूल असेल तर किलोमीटरला साधारण 15 वॅट-तास जातात. बॅटरीचा पाचवा हिस्सा नेहमी राखून ठेवते, म्हणजे हाताशी 576 उरतात. त्यात सुमारे 38 किलोमीटर होतात.

काट्याच्या रेघांवर विश्वास ठेवू नका, आकडा दाखवणारा व्होल्टमीटर बसवून घ्या. माझ्यासारखी 13 सेलच्या रांगेची लिथियम बॅटरी पूर्ण भरली की 54.6 व्होल्ट दाखवते. चढावर हा आकडा दोन-तीनने खाली दिसतो आणि सपाटीला आलं की पुन्हा वर येतो, म्हणून वाचायचा तो थांबल्यावर. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची बॅटरी असेल तर आकडे वेगळे, विकत घेतानाच लिहून घ्या.

चार्जिंगच्या बाबतीत मी कडक आहे. जिन्यात, पॅसेजमध्ये किंवा मीटरच्या खोलीत कधीही नाही, कारण काही झालं तर माणसं बाहेर पडायची वाट तीच असते. गॅसच्या ओट्याजवळ नाही. एक्स्टेंशन बोर्डावर नाही, भिंतीच्या थ्री-पिनमध्येच. फेरीवरून आलेली बॅटरी गरम असते, तिला अर्धा तास तशीच राहू द्यायची आणि मग लावायची. घरात कुणीतरी जागं असतानाच लावायची. चार्जर कंपनीने दिलेला तोच. बॅटरी जोरात आपटली किंवा फुगली की ती पुन्हा वापरायची नाही, कितीही नवी असो.

माल भरणं

खरं कौशल्य इथे लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जड वस्तू खाली आणि चालवणाऱ्याच्या बाजूला. मागच्या पेटीत जड टोप पार मागच्या टोकाला ठेवला तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात थरथरायला लागतं. डावी-उजवी बाजू सारखी हवी. मी पेटीच्या तळावर खडूने मधोमध रेघ मारून घेतली आहे.

टोप सरकू नये म्हणून बाजारात रबरी मॅट मिळतात. दोन वापरल्या, तेल लागलं की त्याच घसरतात. मग आईची चुंबळ आठवली. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवतात तीच. जुन्या सुती लुगड्याची हातभर रुंद पट्टी घ्यायची, ओली करून घट्ट पिळायची, गोल वळून टोक आत खोचायचं. वेढा टोपाच्या बुडापेक्षा चार बोटं लहान ठेवायचा, म्हणजे टोप तिच्यावर नुसता टेकत नाही, तिच्यात रुततो. ओल्या सुताची पकड रबरापेक्षा चांगली असते आणि गरम बुडाने ती बिघडतही नाही. दोन टोपांमधल्या फटीत घडी घातलेलं गोणपाट ठासायचं. टोपाच्या तोंडावर ओला पिळलेला पंचा, त्यावर झाकण, आणि झाकणावरून दोन्ही कड्यांतून फिरवून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी. ही ट्यूब पंक्चरवाल्याकडे मागितली की मिळते, दोन बोटं रुंद पट्ट्या कापून घ्यायच्या. हमाल हातगाडीवर माल याच पट्टीने आवळतात. सुतळी वाटेत सैल पडते, ट्यूब ताण धरून ठेवते.

आता सोलकढी. दोन वर्षांपूर्वी शिवाजी पार्कजवळच्या एका हॉलमध्ये 45 जणांचं केळवण होतं. दोन कॅन होते 20-20 लिटरचे, एक काठोकाठ भरलेला आणि दुसरा जेमतेम अर्धा. हॉलसमोर रस्ता कडेला उतरता होता आणि सायकलला एकाच पायाचा स्टँड. मी भरलेला कॅन आधी उतरवला. अर्धा कॅन आतल्या आत डुचमळला, सगळं वजन उताराच्या बाजूला गेलं आणि सायकल माझ्या डोळ्यांदेखत फुटपाथकडे कलंडली. झाकण उडालं. गुलाबी सोलकढी कडेच्या जाळीतून गटारात गेली, आणि नवऱ्या मुलीची आजी दारात उभी राहून ते बघत होती. जवळच्या डेअरीतून ताक आणून आम्ही मठ्ठा केला, पाहुण्यांनी आवडीने घेतला. पण आजींनी दोन दिवस आधी मला खास फोन करून सोलकढी सांगितली होती, त्यांच्या घरची तशी रीत होती. ते मला अजून लागून राहिलं आहे.

तेव्हापासून आमच्याकडे तीन गोष्टी पक्क्या. अर्धा भरलेला कॅन सायकलवर चढत नाही. पातळ पदार्थ गळ्यापर्यंत भरायचा, जास्त असेल तर लहान कॅन घ्यायचे. भरलेला कॅन गप्प बसतो. दुसरं, दोन पायांचा मधला स्टँड बसवून घेतला, तोही रुंद पायांचा. तिसरं, सायकल उभी केली की ब्रेकचा दांडा ट्यूबच्या पट्टीने हँडलला आवळून टाकायचा आणि मगच पेटी उघडायची.

मोदकांचं नेमकं उलट. सोलकढीला जागा कमी लागते पण वजन असतं, मोदकांना वजन कमी आणि जागा फार लागते. गणेश चतुर्थीला 20 घरांचे 21-21 म्हणजे 420 मोदक, वजन 25 किलोच्या आसपास. पण उकडीचे मोदक एकावर एक रचता येत नाहीत, खालच्यांची नाकं बसतात. पेटीत मी सहा कप्प्यांची पत्र्याच्या ट्रेची चौकट करून घेतली आहे. प्रत्येक ट्रेमध्ये केळीचं पान, त्यावर मोदकांचा एकच थर, वर ओलसर मलमल. पेटीच्या बाजूंना वरच्या अंगाला भोकं पाडली आहेत, नाहीतर वाफेचं पाणी होऊन मोदकांवर ठिबकतं. त्या दिवशी सगळ्यांना नैवेद्य दुपारच्या आत हवा असतो. म्हणून 20 घरांची एक मोठी फेरी न करता सहा-सात घरांच्या तीन लहान फेऱ्या करतो, एकेका गल्लीच्या. ट्रे लावायचा क्रम डबेवाल्यांकडून शिकावा. 1890 पासून ते हेच करत आलेत, डबा कुठून आला यापेक्षा तो कुठे उतरणार यावर त्याची जागा ठरते. शेवटच्या घराचा ट्रे सर्वांत खाली. आणि प्रत्येक ट्रेला रंगीत चिंधी बांधा. घाईत चिठ्ठी वाचायला वेळ नसतो, रंग लगेच दिसतो.

गर्दीचे दिवस

6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणाऱ्या लोकांना आमचा बायकांचा गट पहाटे चहा-पोहे देतो. शिवाजी पार्कच्या आसपासचे रस्ते त्या काळात वाहनांना बंद असतात. अनंत चतुर्दशीला दादर चौपाटीकडे तेच, आणि जानेवारीत मॅरेथॉनच्या रविवारी आमच्या माहीमच्या बाजूलाही. सायकलच आहे, सोडतील, असं गृहीत धरू नका. आठ दिवस आधी वाहतूक चौकीत जा, सायकल घेऊनच जा, प्रमाणपत्राची झेरॉक्स दाखवा, कुठून कधी आत जाणार आणि कधी बाहेर येणार ते कागदावर लिहून द्या. सायकल समोर दिसली की बोलणं सोपं जातं. आम्ही सगळा माल पहाटे चारच्या आत पोचवतो. त्यानंतर सायकल जागची हलत नाही, पेटीचं झाकण बंद करून तेच टेबल म्हणून वापरतो. रिकामी भांडी रात्री गर्दी ओसरल्यावर परत.

गर्दीत सायकल हाताने ढकलायची आणि मोटर बंद ठेवायची. नुसती मोटर बंद करून भागत नाही, किल्ली काढून कमरेला लावायची. एका गणपती मंडपात आम्ही ट्रे उतरवत होतो, किल्ली चालू राहिली होती. मदतीला आलेल्या एका मुलाने सायकल धरायला म्हणून हँडल पकडलं, थ्रॉटल फिरला आणि सायकल दोन हात पुढे उडाली. समोर रांगोळी काढत बसलेली मुलगी जेमतेम वाचली. त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. आता ‘किल्ली?’ असं विचारून उत्तर आल्याशिवाय आमच्यात कुणी पेटीला हात लावत नाही.

पाऊस आणि देखभाल

पाणी चाकाच्या मधल्या आसापर्यंत आलं की पुढे जायचं नाही. मोटर तिथेच असते. हिंदमाता, गांधी मार्केट ही नावं पावसाळ्यात आपल्याला सांगायला नकोत, पण भरतीचं वेळापत्रकही बघत जा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर मी भरतीच्या वेळेला फेरी ठेवत नाही, ऑर्डर दोन तास आधी नेऊन हॉलवर गरम करते. वायरींच्या जोडांना सायकलच्या दुकानातून ग्रीस भरून घ्या. पेव्हर ब्लॉक आणि गटाराची लोखंडी झाकणं ओली असताना त्यांवर ब्रेक मारायचा नाही, वेग आधीच कमी करायचा.

मालवाहू सायकलीचे ब्रेक पॅड साध्या सायकलीपेक्षा फार लवकर झिजतात. आम्ही दर पंधरा दिवसांनी बघतो. मागच्या चाकाचे स्पोक बोटांनी दोन-दोन एकत्र दाबून बघायचे, एखादा सैल लागला की त्याच दिवशी आवळून घ्यायचा. हवा टायरच्या कडेला छापलेल्या आकड्याप्रमाणे, दर सोमवारी. मोटरच्या चाकाचं पंक्चर काढायला रस्त्यावरचा पंक्चरवाला कधीकधी नकार देतो, कारण त्याच्याकडे त्या नटाचा पाना नसतो. माझ्या सायकलला 18 नंबरचा लागतो, तो पेटीतच असतो. आधी वायरीचा जोड सोडवायचा, मग नट, आणि वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत. हे घरी एकदा स्वतःच्या हाताने करून बघा.

पहिल्या आठवड्यात अन्न नेऊ नका. पाण्याचे 20 लिटरचे तीन कॅन चुंबळींवर बसवा आणि सकाळी सातला, मग संध्याकाळी सहाला, नेहमीच्या वाटेने जाऊन या. टिळक ब्रिज वाटेत येऊ द्या. प्रभादेवीचा जुना पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडण्यासाठी बंद झाला, तेव्हापासून परळकडे जाताना आम्हाला हाच पडतो आणि त्यावर बस-टॅक्सींची दाटी असते. चढावर मध्येच थांबून पुन्हा निघून बघा, उतारावर दोन्ही ब्रेक धरून बघा. घरी आल्यावर कॅनच्या झाकणांभोवती कोरडं बोट फिरवा. ओलं लागलं तर पट्ट्या पुन्हा आवळा आणि दुसऱ्या दिवशी परत पाणीच न्या.